तीन वॉट आणि भोंगा

हॅलो?

हॅलो… कोण? … हां, चिमे, तू होय. मला वाटलं कुणी गिऱ्हाईक.

टेबलाखाली होतो, म्हणून उचलायला वेळ लागला. … अगं, खोकी बांधत होतो. … खोकी. पुठ्ठ्याची. … सांगतो, जरा बसू दे. स्टूल कुठे गेलं… हं. बोल.

जेवलो. … खरंच जेवलो. अंडी उकडली, कालचा ब्रेड होता. … आता टरफलं दाखवू का?

तू ऑफिसातून बोलतेयस ना? मग मागे एवढी सामसूम कशी? … बरं, बरं. सुट्टी असेल जेवणाची.

मावशीचा गुडघा काय म्हणतो? … वाकायला लागला? मग ठीक आहे. म्हणजे तुझी आई येईल आता तिकडून लवकर. … नाही, आज नाही केला आईला फोन. … काही नाही, राहून गेला.

गेलो होतो की. सकाळीच गेलो होतो डॉक्टरीणबाईंकडे. … दातवाल्या. तुझी अक्कलदाढ ज्यांनी काढली त्या. … हो, त्यांचं गाण्याचं मशीन घेऊनच गेलो होतो, अॅम्प्लिफायर.

दिलं. आणि परत आणलं.

हो, परत आणलं. इथे समोर टेबलावर आहे.

नाही, बिघडलेलं नाही. म्हणजे… बिघडलेलं नाही.

चिमे, तुला सगळं ऐकायचंय का? मग मधे मधे बोलू नकोस. तू बोललीस की माझा धागा तुटतो. … हो, हो… अगं ऐक ना.

त्यांच्याकडे ते दोन भोंगे आहेत बघ. बंद पडलेल्या सिनेमा थिएटरातले. … कपाटाएवढे, हो. लाकडी खोकं आणि वर ते मोठं तोंड. त्यांना आजकालचं कुठलंच मशीन मानवेना. दोनशे वॉटचं लावून पाहिलं त्यांनी, तर बटण केसभर फिरवलं की शेजारी दारात, आणि मागे ठेवलं की नुसती घुरघुर. मग कुणीतरी माझं नाव सांगितलं. मी म्हटलं, बाई, तुमच्या भोंग्यांना दांडगा नवरा नको. तीन वॉटचा गरीब, जुन्या रेडिओसारखा काचेच्या व्हॉल्व्हवाला बघू आपण.

तीन. … एका बाजूला तीन.

हसू नकोस. त्यांचा दीरही हसला. तो आला होता आज मुद्दाम बघायला. म्हणाला, काका, तीन वॉटवर माझं दाढीचं मशीनसुद्धा चालणार नाही. मग काय, मी सुरू केलं माझं नेहमीचं. … हो, तेच. म्हशीचं. की बाबा रे, दुकानात मिळतात ते स्पीकर म्हशीसारखे असतात, पाठीत दोनशे वॉटचं दांडकं बसल्याशिवाय उठत नाहीत. जातिवंत भोंग्याला नुसती चाहूल पुरते. त्याला तीन वॉट म्हणजे डोक्यावरून पाणी. माणसं वॉट मोजत बसतात, भोंगा किती ऐकणारा आहे ते कुणी विचारत नाही. मी मशीन विकत नाही, म्हटलं, मी सोयरिकी जमवतो.

हो, आवडलं त्याला. वाक्य लिहून घेतलं त्याने मोबाईलमध्ये.

मग मी मशीन लावलं. तारा जोडल्या. व्हॉल्व्ह तापू दिले. गाणं अजून लावलंच नव्हतं हं, हे लक्षात ठेव. नुसतं चालू करून सगळे बसलो होतो. मी आपला मोठ्या ऐटीत खुर्चीवर. आणि त्यांची आत्या आतून आली. … आहे ना एक आत्या. माझ्याहून बरीच मोठी, काठी घेऊन चालते. ती स्वयंपाकघरातून काठी टेकत आली आणि म्हणाली, गॅस चालू राहिलाय का गं कुणाचा?

हो.

मी म्हटलं, आजी, गॅस नाही, हे गाण्याचं मशीन आहे, आणि गाणंसुद्धा अजून लावलेलं नाही. आणि हसलो. … मी एकटाच हसलो.

दीर उठला, त्याने भोंग्याच्या तोंडाला कान लावला आणि लगेच बाजूला घेतला. मग मीही उठलो, लावला.

… काही नाही.

काही म्हणजे काहीच नाही, चिमे. जुन्या लाकडाचा वास तेवढा आला.

मग मी म्हटलं, शांत आहे. … हो, म्हटलं तसं. मोठ्याने म्हटलं. मशीन एकदम शांत आहे, कुणाला काय वाटतंय? दीर बुटांकडे बघत होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काका, चहा घेता का.

तेव्हा कळलं.

… नाही, काही वाटलं नाही. खरंच सांगतो. चहा घेतला. बिस्किट खाल्लं. दातवालीच्या घरचं बिस्किट, त्यात साखर कुठली. मग म्हटलं, घेऊन जातो, जरा तपासून आणतो. दिराने उचलून गाडीत ठेवून दिलं. फार जपून ठेवलं. मघाशी दाढीच्या मशीनवरून चेष्टा करणारा तो माणूस, मला हात धरून पायऱ्या उतरवत होता. माझे पाय धडधाकट आहेत, पण त्याला कुठे सांगत बसू.

… कसला आवाज म्हणजे? सूं असणार. स्सऽऽ असा. व्हॉल्व्ह जुना झाला की करतो तसा. दुसऱ्या कुठल्या स्पीकरवर तो कळलाही नसता कुणाला. पण जातिवंत भोंग्याचं हेच तर आहे. तो पोटात काही ठेवत नाही. मशीनमध्ये इवलीशी सूं असली तर ती घरभर करतो. म्हणून मशीन आधी गप्प हवं. अगदी गप्प. बाकीचं सगळं कुणीही बांधून देईल, चिमे, तारा जोडायला काय अक्कल लागते. गप्प करणं, तेवढंच माझं काम होतं.

मीटर आहे की. मीटर चांगला आहे. पण मीटरला विचारावं तेवढंच तो सांगतो. हे मी त्याला कधी विचारलंच नाही. हे मी कानाला विचारायचो.

… तू? तू छान ऐकू येतेस. फोनवर सगळे छान ऐकू येतात. त्याचं कारण आहे, फोनवाले मुळातच वरचे बारीक आवाज कापून पाठवतात. माझ्या कानांनी आता तोच उद्योग सुरू केलाय, म्हणून फोनवर माझी आणि जगाची बरोबरी होते. घरात तसं नाही. घरात आई काय बोलते त्यातलं अर्धं… मला वाटायचं, ती पुटपुटायला लागलीय. म्हटलं वय झालं बिचारीचं.

दाखवीन. … दाखवीन म्हटलं ना डॉक्टरला. … कानातलं मशीन? ते काय, कानात आणखी एक अॅम्प्लिफायर. त्यालाही सूं येत असेल, ती कोण ऐकणार?

विनोद केला, चिमे. रडतेस काय.

… बरं, नाही रडत आहेस. सर्दी झालीय. बरं.

खोक्यांचं काय? … हां. ते व्हॉल्व्ह भरतोय. आपला कोपऱ्यावरचा रेडिओवाला आहे ना, त्याला सांगितलंय, येऊन सगळे घेऊन जा. … आजच. येईल एवढ्यात. … त्याच्या कामाचे आहेत, त्याला कान आहेत. … नाही, पैशाचं बोललोच नाही.

सगळे म्हणजे सगळे. हे डॉक्टरीणबाईंचं मशीनही खोलून ठेवीन म्हणतो.

… घाई कसली त्यात? ज्याला वासच येत नाही त्याने अत्तराचं दुकान कशाला उघडं ठेवायचं? पुढच्या घरी जायचं आणि परत कुणाची तरी आत्या काठी टेकत यायची. नको. आईला आल्यावर दिसेल, खोली मोकळी झालेली. तिला हवीच होती मोकळी.

नव्हती? … तूच बघ, ती किती वेळा म्हणालीय.

… आधीची मशीनं? तेच मी मघापासून खोकी बांधता बांधता मनात घोळवतोय. गेल्या वर्षी इतकी गेली, एकाचीही तक्रार नाही. सगळी गप्प. म्हणजे हे आत्ताच झालंय, या महिन्याभरात. आई तिकडे गेल्यावरच. हे असं एकाएकी होतं का गं?

… का?

काय करू म्हणतेस? … आत्ता? … अगं, फोनमधून नाही ऐकू येत. आत्ताच सांगितलं ना, बारीक आवाज कापून पाठवतात. … हो, इथे माझा भोंगा आहे, त्यावर लावता येईल. … तार पुरते. … पण काय उपयोग, तू काय ऐकणार आहेस? कॉलेजात असताना तुला दोन भोंग्यांतला फरक कळत नव्हता.

बरं. … बरं, बाई. लावतो. तापायला वेळ लागेल. मी रिसीव्हर भोंग्याच्या तोंडाशी स्टुलावर ठेवतो. मला तेव्हा तुझं काही ऐकू येणार नाही. मी उचलून विचारीन. … थांब.

…

हं. हॅलो. काय? ऐकू येतोय?

… येतोय?

फोनवरून?

… म्हणजे केवढा मोठा आहे?

…

नाही, आहे. इथेच आहे. मी त्या आत्याबाईंचा विचार करत होतो. मी हसलो त्यांना.

करतो, करतो. पुढचा छोटा व्हॉल्व्ह असणार. डावीकडचा म्हणतेस? असेल. … आधी बंद करतोय, काळजी करू नकोस. विजेचं काम आईने मला इतक्या वेळा बजावलंय, की या जन्मात विसरणार नाही. फडकं कुठे… हं. गरम आहे. खोक्यातला काढतो एक. हा घेऊ. हा बरा दिसतोय.

बस आता तापेपर्यंत. … हो, थोडा वेळ जातो. व्हॉल्व्हची हीच गंमत आहे, त्याला घाई करता येत नाही. तोवर बोल काहीतरी.

मी बोलू? … काय बोलू. तुला आईचं सांगतो. ती पण असंच करायची. मशीन तयार झालं की चहा घेऊन यायची, भाजी निवडत इथे या खुर्चीत बसायची. मला वाटायचं, म्हातारपणी हिला गोडी लागली. जरा वेळ बसायची आणि म्हणायची, अहो, त्या डावीकडच्या दिव्याचा रंग मला बरा दिसत नाही. … दिवा म्हणायची ती व्हॉल्व्हला. मी म्हणायचो, अगं, तो व्हॉल्व्ह आहे, टोमॅटो नाही. तरी बदलायचो. मग दुसरा लावला की परत बघायची, नाही हो, हापण निळसर आहे. तिसरा लावला की म्हणायची, हां, आता कसा छान दिसतोय. आणि भाजी घेऊन उठून जायची.

नाही म्हणून कशाला वाद घालायचा. घरात शांतता हवी असली की माणूस व्हॉल्व्ह काय, काहीही बदलतो.

… चिमे?

आहेस ना? … मला वाटलं लाईन गेली.

तापला असेल. ठेवतो रिसीव्हर. नीट ऐक.

…

हॅलो. आता?

… तसाच आहे?

… वाढलाय. बरं.

माझ्या मते दोन्ही सारखेच होते. … हो, तुझंच बरोबर असणार. माझं काय. बरं, दुसरा काढतो. या खोक्यात किती आहेत आणि त्यातला कुठला गप्प, कुठला बोलका, ते मी कसं… एकेक करत बसलो तर रेडिओवाला येऊन बसेल. राहू दे, चिमे. तू जा जेव.

… काय?

कुठे?

शिवणाच्या मशीनच्या खणात? … आईच्या? तिथे काय, तिथे बटणं आणि रिळं असतात. … बरं, बघतो. ओरडू नकोस. फोन धरून ठेव.

…

हॅलो.

चिमे, इथे व्हॉल्व्ह आहेत.

जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेले. एकेकाला वेगळा तुकडा. … नाही, माझे नव्हेत. म्हणजे माझेच आहेत, पण मी नाही ठेवले. मी असे ठेवत नाही, मी डब्यात टाकतो. हे कुणीतरी… एकेक कापडाला टाका घातलाय, सुटू नये म्हणून.

हे तुला कसं माहीत?

…

चिमे, हे तुला कसं माहीत?

… हं. … हं.

थांब, एक लावतो आधी. लावला की बोलू. हात रिकामे असले की मला सुचत नाही.

… लावला. चालू केलं. तापू दे.

आता सांग. रंगाचं काही नव्हतं ना?

… नव्हतंच. निळसर वगैरे काही नव्हतं. तिला सूं ऐकू यायची.

आणि माझं मशीन गप्प असायचं, ते… हो. कळलं. … नाही, कळलं मला, परत सांगू नकोस.

तुला कधीपासून माहीत? … मागच्या खेपेला आली होतीस तेव्हा? तेव्हा तुम्ही दोघी खोलीत बसून भाजी निवडत होतात. मी म्हटलं, वा, आज पोरगीही बसलीय.

हं.

आणि आज तुला फोन करायला कुणी सांगितलं? तू दुपारचा कधी फोन करत नाहीस. … कोणी? … डॉक्टरीणबाईंनी आईला फोन केला? … सगळं सांगितलं? आत्याचंही? … बरं. चांगल्या आहेत बाई. काळजीनेच केला असणार.

तू ऑफिसात नाहीयेस.

… मी विचारत नाहीये, सांगतोय. मघापासून मी काही विचारलं की तू जरा थांबतेस आणि मग सांगतेस. डावीकडचा व्हॉल्व्ह तुला तिथून फोनवर कळला? तुला घरात असताना डावा उजवा कळत नव्हता. मावशीकडे आहेस तू. आणि ती शेजारी बसलीय.

… रडू नकोस. मी काही म्हणालो का?

दे तिला.

… अगं दे. काही होत नाही. दे.

…

हॅलो.

हं. मीच आहे. … बोल ना.

मघापासून सगळं ऐकतेयस? … पुटपुटण्याचंही? … हं.

नाही, रागावलो नाही. राग यायचा असेल तर येईल उद्या-परवा. आज काहीच येत नाहीये बघ. सकाळपासून तसंच आहे. पोरीला तेच सांगत होतो. चहा प्यायलो, अंडी खाल्ली, खोकी बांधली. हात नुसते आपले चालतायत.

दुपारी? मी झोपलो की? … आणि तू एकटी, मशीन चालू करून, एकेक लावून, गप्प निघेल तो खणात ठेवायचीस? … भाजलं नाही कधी? … म्हणजे ती बोटाला फोड आली होती ती. तव्याची म्हणाली होतीस. … आणि मी मलम लावून दिलं. तव्याला शिव्या घातल्या.

का नाही सांगितलंस?

…

हं.

… हो. तसंच बघितलं असतं मी तुझ्याकडे. चार दिवस बोललो नसतो. बरोबर आहे तुझं. … नाही, चार नाही, जास्तच.

मला वाटत होतं मीच करतोय सगळं. लोक म्हणायचे, काकांचं मशीन काय शांत असतं. आणि मी आपला मान डोलवायचो.

… नाही गं, कमीपणा नाही वाटत. खरंच कळत नाहीये काय वाटतंय.

काय म्हणालीस? … नाही, ऐकू आलं. विचार करतोय.

…

हो. वाटते. भीती वाटते. मशीनची नाही, मशीन काय, रेडिओवाला नेईल. तू समोर बसून काही बोलशील आणि मी नुसतीच मान हलवेन, त्याची वाटते. … आत्ताही हलवतो? … कधीपासून?

बरं. … बरं, राहू दे. नको सांगूस.

थांब, दारात कुणीतरी आहे. तोच असणार. … ये रे, उघडंच आहे. … अरे, नको, उचलू नकोस ते खोकं. ठेव खाली. … ठेव म्हणतो ना. आज नाही. … उद्याही नाही, मी सांगेन तुला. … हो रे, मीच बोलावलं होतं, माहीत आहे मला. बायकोचा फोन आहे. बस जरा बाहेर, पंखा लाव.

… हॅलो. हं, तोच. बसलाय बाहेर तोंड पाडून. हातगाडी घेऊन आला होता बिचारा.

ठेवले, ठेवले. कुठे देतोय. तू निवडलेले आहेत, ते मी कसे देणार. … खोकी नाही सोडत आत्ता. ती तू आल्यावर बघू. माझ्याने आज आणखी काही ठरवणं होणार नाही.

डॉक्टरीणबाईंना काय सांगायचं मग? … नाही. तसं नको. आता परत रंगाबिंगाचं काही काढायचं नाही. मशीन मी बांधतो आणि ऐकते ती, असं सांगेन सरळ. घ्यायचं असेल तर घेतील. … त्या घेतील गं, दिराचं सांगता येत नाही.

आणि द्यायला दोघं जाऊ. तू भोंग्यासमोर बसायचं. मी आत्याबाईंपाशी जाऊन बसतो. त्यांची माफी मागायचीय मला.

कधी येतेस? … मावशीला धरून चालता येईपर्यंत थांब की. मी खातोय नीट. … अंडी म्हणजे नीटच.

ऐक ना. तापलं असेल आता. तुझा खणातला लावलाय. मी रिसीव्हर भोंग्याच्या तोंडाशी धरतो आणि मीही तिथेच कान लावून बसतो. गाणं लावत नाही. नुसतं चालू आहे. घाई करू नकोस. पोरीला म्हणावं, नाक ओढायचं थांब जरा.

…

…

हॅलो. हं. काय ऐकू आलं?

… काहीच नाही?

नीट ऐकलंस?

… मलाही काही नाही.

म्हणजे आत्ता आपल्या दोघांना सारखंच ऐकू आलं.

…

हो. … हो गं, बसलोय. … तू ठेव आधी. … बरं, मी ठेवतो.